वाटणीची शाबासकी

टाळ्या संपल्या, चहा सुरू झाला आणि कर्नल सुदर्शन आगाशे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ हातात धरून गाडीची वाट पाहत उभे राहिले. हा भाग त्यांना नकोसा असे. व्यासपीठावर तासभर आपण सेनापती असतो आणि खाली उतरलं की दुसऱ्याच्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखे दिसतो, हे त्यांना ठाऊक होतं. कंपनीतली मुलं गळ्यात पट्टे अडकवून सामोशांच्या रांगेत उभी होती. दोघा-तिघांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. एकानं विचारलं, की टीममधले लोक सोडून गेले तर उरलेल्यांचं मनोधैर्य कसं टिकवायचं. सोडून गेले म्हणजे हिंजवडीला, दुसऱ्या कंपनीत. यावरचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, ते त्यांनी दिलं. मग चष्मा लावलेली एक बारीकशी मुलगी, रांग मोडणार नाही अशा बेतानं, बाजूनं पुढे आली. "सर, मी चैताली. रतन ओव्हाळांची मुलगी." कर्नल सवयीनं आधी हसले. नाव मागाहून पोचलं. मुलगी म्हणत होती, की आज बाबांचं नाव येईल असं वाटलं होतं. शिखरावर पहिलं पाऊल त्यांचं पडलं, असं तुम्ही घरी येऊन सांगितलं होतंत, मी सहा वर्षांची होते, तुम्ही मला रंगपेटी आणली होती. आवाजात तक्रार नव्हती; असती तर त्यांना सोपं गेलं असतं. पुढे ती म्हणाली, की आजीनं तुम्हाला बोलावलंय. तुमचं पोस्टर मी तिला फोनवर दाखवलं, तर म्हणाली, साहेबाला घेऊनच ये, एक विचारायचंय. मांजरी काही लांब नाही, कंपनीची गाडी मला तिकडेच सोडते. कर्नलांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज ऐकला, "हो, चला ना."

गाडीत ते पुढे बसले, मुलगी मागे. पुढे बसलं की मान वळवून बोलावं लागत नाही. हडपसरच्या वाहतुकीत गाडी इंच इंच सरकत होती. म्हातारी काय विचारणार, हे त्यांना न सांगता कळलं होतं. माझा पोरगा कसा गेला. दुसरं काय विचारणार? आणि रतन ओव्हाळ शिखरावर पोचलाच नव्हता. शिखर घेतलं गेलं तेव्हा तो खाली तळावर होता, बर्फ वितळवून पाणी करत होता. तो गेला तो लढाई संपल्यावर. त्यालाही आता सोळा वर्षं होत आली. हे तेव्हा पलटणीतल्या हयात माणसांना माहीत होतं आणि ती माणसं आता लातूर, सातारा, बेळगाव अशी पांगून आपापल्या शेतांत, बँकांच्या दारांत नाहीतर भिंतीवरच्या फोटोंत जाऊन बसली होती. आज त्या घरात आपण काय म्हणायचं? पुन्हा तेच, की खरं? खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे, हा प्रश्न त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या वेळा स्वतःला विचारला होता, की आता तो प्रश्न राहिलाच नव्हता, ते एक बसायचं आसन झालं होतं.

पहिलं पाऊल हे वाक्य त्यांनी ठरवून केलेलं नव्हतं. युद्ध संपल्यावर ते घरोघर गेले होते. तसं जायलाच हवं असा काही नियम नव्हता, पण ते गेले. पहिलंच घर माण तालुक्यातलं. दारात लिंबाचं झाड, झाडाखाली सगळा गाव आणि मधोमध एक बाप. त्यानं विचारलं, "साहेब, आमचा कुठं व्हता?" आता खरं तर तो मुलगा चढणीच्या निम्म्यातच पडला होता, अंधारात, कुणाच्या गोळीनं हेही सांगता येत नव्हतं. कर्नल म्हणाले, शिखरावर पहिलं पाऊल त्याचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण बापाचा चेहरा बदलला. तो ताठ झाला, त्यानं गावाकडे पाहिलं आणि गावानं मान हलवली. एवढं पाहिल्यावर दुसऱ्या घरी दुसरं काही सांगणं त्यांना जमेना. असं करत वीस घरांत वीस जणांचं पहिलं पाऊल पडलं. शिखर केवढं, तर दोन खाटा जेमतेम मावतील एवढं. सुदैवानं गावं एकमेकांपासून लांब होती. विसावं घर मांजरीचं. तेव्हा तिथे चहूकडे ऊस होता आणि ओव्हाळांचं पत्र्याचं घर वस्तीच्या कडेला होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली रतनचा गणवेशातला फोटो. म्हातारी, म्हणजे तेव्हा ती म्हातारी नव्हती, फोटोखाली बसली होती. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी वाक्य म्हटलं, सहा वर्षांच्या मुलीला रंगपेटी दिली आणि उसातल्या वाटेनं परत निघाले. त्या वाटेवर त्यांना ओकारी झाली होती. श्यामलाला, म्हणजे बायकोला, त्यांनी उन्हाचं निमित्त सांगितलं.

श्यामला फसली नव्हती. ती सहसा फसत नाही, फक्त तसं बोलून दाखवत नाही, टोमणा मारते. निवृत्तीनंतर ही भाषणं सुरू झाली तेव्हा ती म्हणाली होती, की बरं झालं, घरात तरी शांतता राहील. आणि आता ते वानवडीच्या फ्लॅटमध्ये परतले की ती पेपरातून डोकं वर न काढता विचारते, "आज किती वेळा जिंकलात?" भाषणांची कल्पना राजनंदिनी नावाच्या एका बाईंची. त्या कंपन्यांना वक्ते पुरवत. शहरात तेव्हा जिकडे तिकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि आत बसलेल्या हजारो मुलांना रात्र रात्र कशासाठी जागायचं, हे सांगणारी माणसं हवी होती. गिर्यारोहक होते, एक डबेवाल्यांवर बोलणारे होते, एक योगावर बोलणारे होते. कर्नल आगाशे लढाईवर. राजनंदिनीबाईंनी त्यांच्या लढाईच्या बावीस स्लाइड करून दिल्या. चौदाव्या स्लाइडवर शिखराचा फोटो, विसाव्या स्लाइडवर नुसताच काळा पडदा, आणि त्या काळ्या पडद्यासमोर उभं राहून कर्नल ती शाबासकी म्हणून दाखवत, जी त्यांनी लढाईनंतर आपल्या जवानांना दिली होती. भाषणाचा कळस तोच. बाईंना त्यातली एक जागा फार आवडे. 'जे गेले, ते गेले नाहीत' असं म्हणून कर्नल थांबत. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होई. मग ते पुढलं वाक्य म्हणत. "सर, तो पॉज," बाई म्हणाल्या होत्या, "तो शिकवून येत नाही." खरंच होतं ते.

गाडी मुंढव्याच्या फाट्यावर अडली. मागून मुलगी म्हणाली, की सर, एसी वाढवायला सांगू का, तुम्हाला घाम येतोय. कर्नलांनी हातानंच नको म्हटलं. नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला स्तुती जमत नाही. तिथे जेवण उत्तम झालं तर 'बरं झालंय' म्हणतात, आणि बरं झालं असेल तर काहीच म्हणत नाहीत. सुदर्शन शाळेत पहिला आला तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, की वर्गात मुलं किती. लष्करात अधिकारी होऊन अंगावर नवा कोरा गणवेश घालून तो घरी आला, तेव्हा वडिलांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ठीक. पाय धुऊन ये, पानं घेतलीत." पलटणीत आल्यावर त्याला कळलं, की जवानाला पाठीवर थाप लागते, तो थाप मारू लागला, पण मनातून अवघडून. आणि त्या पहाटे, जेव्हा शिखरावरून आपली माणसं उतरू लागली, दुसऱ्या तुकडीनं वरची जागा घेतल्यावर एकेक करत, धरून, ओढत, काही जण बसत बसत खाली येऊ लागली, काळी पडलेली तोंडं, फुटलेले ओठ, एकाच्या हातात नुसताच एक बूट, तेव्हा सुदर्शन आगाशेला जन्मात पहिल्यांदा कुणाची तरी तोंड भरून स्तुती करावीशी वाटली. शब्दही आयते आले, मराठीत आले. ते खोटं नव्हतं. पुढे सगळं खोटं झालं, पण ते नव्हतं, हे त्यांना कुणाला तरी एकदा सांगायचं होतं.

माणसं तळावर, कड्याच्या आडोशाला बसली होती. तिथे वरून कडा पुढे आलेला, त्याच्या पोटात चार रात्री त्यांनी काढल्या होत्या. सुभेदार कोंडीराम जगदाळे म्हणाला होता, की साहेब, इथंच बोला, आडोशाला. समोरच्या डोंगरावरून दुश्मनाला बाहेरचं मैदान दिसतंय. कोंडीराम दोन युद्धं पाहिलेला माणूस, तो उगीच बोलत नसे. पण आदल्या दिवशी दिल्लीहून एका वाहिनीची माणसं तळावर येऊन पोचली होती. देशभर घराघरांत लढाई दिसत होती तेव्हा, जेवता जेवता. कॅमेरावाला पोरगा म्हणाला, की इथे आत अंधार आहे, चेहरे येणार नाहीत. तिकडे दहा पावलांवर ऊन येतंय, तिकडे घेऊ, दोन मिनिटांचं काम. आणि कर्नल आगाशेंना वाटलं, की या माणसांचे चेहरे यावेत. यांच्या आयाबहिणींना दिसावेत. आपले शब्द ऐकू जावेत, नारायण पेठेत वडिलांनाही. हो, तेही वाटलं होतं. त्यांनी 'फॉल इन'चा, म्हणजे रांगेत उभं राहायचा, हुकूम दिला. माणसं उठली. दमलेली माणसं कशी उठतात, हे त्या काचेच्या इमारतींतल्या मुलांना कुठल्या स्लाइडवर दाखवणार? कोंडीराम एकदाच त्यांच्याकडे पाहून रांग लावायला गेला. ऊन यायला थोडा वेळ होता, म्हणून सगळे तसेच उभे राहिले.

रतन रांगेत नव्हता. तो कड्याच्या आत स्टोव्हपाशी होता. त्यानं सगळ्यांना चहा दिला होता, त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि चहा कधी नीट होत नाही, तरी माणसं तो दोन्ही हातांनी धरून प्याली होती. सगळ्यांना देऊन झाल्यावर त्यानं आपला चहाचा मग भरून घेतला होता. कर्नलांना तो मग आजही दिसतो, पांढरा, निळ्या कडेचा, कडेला टवका उडालेला. रांग लढून आलेल्यांची होती, रतनला तिथे कुणी बोलावलेलंही नव्हतं. पण कर्नलांच्या मनात त्या क्षणी इतकी माया दाटली होती, की त्यांना वाटलं, याला का वगळा? यानं चार रात्री पाणी पुरवलंय. ते हसून म्हणाले, "रतन, तू कशाला मागं? ये, शाबासकीत तुझीही वाटणी आहे." रतननं आपला मग दगडावर ठेवला, त्यावर ताटली झाकली, म्हणजे परत येऊन प्यायचाच त्याचा विचार होता, आणि टोपी सारखी करत तो रांगेच्या टोकाला येऊन उभा राहिला. ऊन आलं. कर्नल बोलू लागले. गड्यांनो, म्हणाले. तुम्ही जे केलंत ते आजवर कुणी केलं नाही. तुमच्यातला एकही मागं फिरला नाही. तुमचा सेनापती म्हणून उभं राहण्याची माझी लायकी नाही. जे गेले, ते गेले नाहीत... आणि तोफगोळा आला. तो रांगेच्या टोकाला आला. कोंडीराम सगळ्यांना ढकलत आत नेत होता आणि कर्नल आगाशे तोंड उघडं ठेवून तसेच उभे होते, पुढलं वाक्य जिभेवर घेऊन. तीच ती शांतता. बाईंना आवडणारी.

पुढलं वाक्य त्या मैदानावर कधी बोललंच गेलं नाही. ते त्यांनी नंतर पुण्यात जेवणाच्या टेबलावर बसून पुरं केलं, पहिल्या भाषणाच्या आधी. वाहिनीनं ते चित्रण दाखवलं नाही; त्यांच्याही माणसाला खांद्यात गोळ्याची कपची लागली होती. आणि कर्नलांनी रतनचं नाव शिखर घेताना गेलेल्यांत घातलं. कुणी विचारलं नाही. एका माणसानं काय फरक पडतो, असं वरिष्ठांकडून समजूतदारपणे म्हटलंही गेलं. कोंडीरामनं मात्र त्यानंतर पलटण सोडेपर्यंत त्यांना सॅल्यूट केला तो त्यांच्या खांद्यावरच्या पट्टीकडे पाहत, तोंडाकडे नाही.

मांजरीत ऊस नव्हता. उसाच्या जागी बारा-बारा मजले उभे होते आणि त्यांना सगळी परदेशी नावं होती. ओव्हाळांचं घर मात्र होतं तिथेच, आता सिमेंटचं, वर एक मजला चढवलेला, दारात स्कूटर. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, रतन. तिघेही पूर्वीच्याच क्रमानं. रतनची आई हिराबाई कॉटवर बसल्या होत्या, पाय लांब करून, गुडघ्यांना काहीतरी चोळलेलं, त्याचा वास खोलीत होता. त्यांनी उठायचा प्रयत्न केला नाही. कर्नलांनी हात जोडले, त्यांनीही जोडले. चैताली उत्साहानं सांगत होती, की आजी, सरांनी काय सुंदर भाषण केलं, आमचे अमेरिकेचे साहेबसुद्धा स्क्रीनवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. हिराबाईंनी तिला चहा टाकायला सांगितलं. ती आत गेली. स्वयंपाकघर पलीकडेच होतं, पडद्याआड, बोललेलं सगळं ऐकू जाईल इतकं जवळ.

कर्नलांनी वाटेत ठरवलं होतं, की विचारलं तर खरं सांगायचं. गाडीतून उतरताना ठरवलं, की नाही सांगायचं. मुलीला पहिलं पाऊल पुरतंय, तिचं तिला असू द्यावं. आता खुर्चीवर बसल्यावर त्यांच्या तोंडून आपोआप सुरुवात झाली, की बाई, तुमचा रतन म्हणजे, त्या शिखरावर...

"ऱ्हाऊ द्या साहेब," हिराबाई म्हणाल्या. "कोंडीराम सुभेदार दर साली येत व्हता. पैल्याच साली त्यानं समदं सांगितलं मला. तुमी येऊन गेलावता, त्याच्या म्होरल्या दिवाळीत."

आतला स्टोव्ह की गॅस, काहीतरी भसकन पेटल्याचा आवाज आला. हिराबाई सावकाश सांगत होत्या, अंगणातल्या गोष्टी सांगाव्यात तशा. कोंडीराम गेल्या उन्हाळ्यात वारला. मरेपर्यंत तो येत होता, येताना पेढे आणायचा, रतनच्या फोटोपुढे ठेवायचा आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणायचा, की आई, मी साहेबांना एकदाच म्हणालो, दोनदा म्हणायला हवं होतं. पोरीला काही सांगितलं नाही कधी. शाळेत तिनं पहिल्या पावलाचा निबंध लिहिला होता, बक्षीस मिळालं. आता कुठं मोडायचं. हे शेवटचं वाक्य त्यांनी आवाज न चोरता म्हटलं. पडद्याआड कपबशांचा आवाज थांबला होता. आज मुलीची ती समजूत मोडली, हे कर्नलांना कळलं. हिराबाईंनाही कळलं असणार आणि त्यांनी ते होऊ दिलं होतं. राग यायला हवा होता या बाईंना. त्यांनी शिव्या द्याव्यात, असं कर्नलांना इतकं तीव्रतेनं वाटलं, की त्यांनी मान खाली घालून शिव्यांना जागा करून दिली.

"मला येकच इचारायचंय," हिराबाई म्हणाल्या. "तुमी शाबासकी देत व्हता म्हनं. त्याचीबी वाटणी हाय म्हणून बलावलं त्याला. ती आर्धीच ऱ्हायली, सुभेदारालाबी म्होरलं ठावं नव्हतं. तुमी काय म्हननार व्हता, ते मला सांगा. त्याची वाटणी मी ऐकते."

चैताली चहा घेऊन बाहेर आली होती. तिनं एक कप कर्नलांपुढे ठेवला, एक आजीपुढे, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कर्नलांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. आपल्याला शब्द आठवू नयेत, असं त्यांना वाटलं. घसा दाटावा, आवाज फुटावा, निदान एखादा शब्द तरी चुकावा. पण तोंड उघडलं आणि सगळं सुरळीत बाहेर आलं. गड्यांनो. तुम्ही जे केलंत ते आजवर कुणी केलं नाही. तुमच्यातला एकही मागं फिरला नाही. तुमचा सेनापती म्हणून उभं राहण्याची माझी लायकी नाही. जे गेले, ते गेले नाहीत... आणि तिथे ते थांबले. त्यांना थांबायचं नव्हतं. सवय थांबली, नेमकी तेवढीच, मघाशी सभागृहात थांबली होती तेवढी. मुलीनं ते ओळखलं. तिनं मान दुसरीकडे वळवली. मग ते म्हणाले, "ते तुमच्यात आहेत. जोवर तुम्ही उभे आहात, तोवर ते उभे आहेत. शाबास."

हिराबाई पुढे झुकून ऐकत होत्या, एक हात कानामागे धरून. त्यांनी हात काढला नाही. त्या वाट बघत होत्या.

"येवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," कर्नल म्हणाले.

हिराबाईंनी हात मांडीवर ठेवला. मग त्यांचं लक्ष कर्नलांपुढच्या कपाकडे गेलं, त्यावर साय धरू लागली होती. पदराच्या टोकानं त्यांनी तो कप त्यांच्याकडे सरकवला.

"मंग च्या तरी पिऊ द्यायचा व्हता की त्याला," त्या म्हणाल्या.